ओल्या पुठ्ठ्याचा वास

एकतीस वर्षं नाकसाहेबांनी पाण्याचा वास घेतला. त्याचा त्यांना पगार मिळायचा.

हे ऐकून लोक हसायचे. पाण्याला कुठे वास असतो, म्हणायचे. नाकसाहेब वाद घालत नसत. पाण्याला वास नसावा म्हणूनच पाणीपुरवठा खात्याने त्यांना ठेवलं होतं.

त्यांच्या पदाचं खरं नाव लांबलचक होतं. ते त्यांच्या पगारपत्रकाशिवाय कुठे वापरलं गेलं नाही. प्रयोगशाळेतल्या टायपिस्टने पहिल्याच महिन्यात त्यांना नाकसाहेब म्हटलं आणि ते नाव मोठ्या साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसलं.

काम सोपं होतं. रोज सकाळी दहाला शहरातल्या निरनिराळ्या नळांचं पाणी काचेच्या बाटल्यांत भरून यायचं. बाटल्या कोमट करायच्या. हलवायच्या. बूच काढून नाक लावायचं. टेबलाभोवती चौघं बसायचे. नाकसाहेब, केमिस्टबाई, पंपावरचा बुटका मिस्त्री आणि टायपिस्ट. टायपिस्टला घेतलं होतं, कारण चौथं माणूस मिळत नव्हतं. चाचणी चालू असताना बोलायचं नाही. शेजाऱ्याच्या कागदात डोकावायचं नाही. जो वास येईल तो लिहायचा. शेवाळ. गंज. माती. सडका कोबी. दवाखाना. मग चारही कागद एकदम उघडायचे.

कधी कधी चारही कागदांवर एकच शब्द निघायचा. खरं तर त्यात आनंद मानण्यासारखं काही नव्हतं. कुठल्या तरी वस्तीचं पाणी बिघडलेलं असायचं. पण त्या क्षणी नाकसाहेबांना जे वाटायचं, ते त्यांना दुसरीकडे कुठे कधी वाटलं नाही. आपल्या नाकात जे आहे, तेच या तिघांच्या नाकात आहे. मिस्त्री म्हणायचा, "जुळली पत्रिका." टायपिस्ट चहा सांगायचा. एवढंच. पण त्या चहाची चव वेगळी लागायची.

खोटा शब्द त्यांनी कधी लिहिला नाही. एका नव्या टाकीच्या उद्घाटनाला मोठे साहेब स्वतः खाली आले होते. म्हणाले, आज जरा 'निर्दोष' लिहून टाका. नाकसाहेबांनी 'शेवाळ' लिहिलं आणि खाली सही केली. उद्घाटन पुढे ढकललं गेलं. त्यांची बढतीही पुढे ढकलली गेली. ती पुढेच राहिली.

नाक सांभाळायचं म्हणजे घर सांभाळायचं. कच्चा कांदा नाही, लसूण नाही. वासाचा साबण नाही, पावडर नाही, सेंट नाही. हे नियम खात्याने नाकसाहेबांना घातले होते. ते कुणी न सांगता त्यांच्या बायकोलाही लागू झाले. ती म्हणायची, "सवत परवडली असती. ती निदान चार दिवस माहेरी तरी गेली असती. हे नाक कुठे जातंय?" पण तिने नियम मोडला नाही. बहिणीने दिलेली सेंटची बाटली तिने सील न फोडता ठेवली आणि लेक मोठी झाल्यावर तिला देऊन टाकली.

बायको गेली त्याला दहा महिने झाले. माणूस गेलं तरी कपाटात वास राहतो, असं लोक सांगतात. नाकसाहेबांनी तेराव्या की चौदाव्या दिवशी कपाट उघडलं. तिचे कपडे घडी घालून ठेवलेले होते. त्यांनी तीनदा नाक लावलं. काही नव्हतं. बाटलीतून आलेला नमुना असता, तर 'निर्दोष' लिहावं लागलं असतं.

ते मधल्या फळीसमोर बराच वेळ उभे राहिले. मग कपाट लावून घेतलं.

प्रयोगशाळेतलं टेबल त्याआधीच गेलं होतं. निवृत्तीला चार वर्षं असताना खात्याने यंत्र आणलं. त्याला कांदा चालायचा, लसूण चालायची. केमिस्टबाई मुलाकडे राहायला गेल्या. टायपिस्ट वारला. पंपावरचा मिस्त्री गुडघ्यांनी घरी बसला. शेवटची चार वर्षं नाकसाहेब यंत्राशेजारी बसून त्याने लिहिलेलं वहीत उतरवत होते.

कूपन लेकीने दिलं होतं. आईबाबांच्या लग्नाच्या पस्तिसाव्या वाढदिवसाला. शहराबाहेर एक वायनरी होती. तिच्या टेस्टिंग रूममध्ये दोघांनी जायचं, पाच वाइन चाखायच्या, मत द्यायचं. बायको कूपन वाचून म्हणाली होती, "पाणी संपलं, आता हे." दोघं हसले होते. त्यानंतर दोन महिन्यांत ती आजारी पडली. कूपन फ्रिजवर राहिलं.

आता त्याची मुदत संपत आली होती. लेक परगावाहून फोनवर रोज आठवण करायची. "बाबा, वाया जाईल. कुणाला तरी घेऊन जा ना."

"बघतो."

"बघतो म्हणजे जात नाही. मला माहितीये. तुम्ही दिवसभर कुणाशी बोलता तरी का?"

"बोलतो."

"कुणाशी?"

"तुझ्याशी."

जायचं त्यांनी ठरवलं ते कूपनाच्या मागच्या बाजूमुळे. तिथे बारीक अक्षरात छापलं होतं. वायनरी चाखणाऱ्यांचं एक मंडळ नेमणार होती. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी सहा पाहुणे एका टेबलाशी बसतील आणि नव्या वाइनबद्दल मत देतील. ही सहा माणसं येणाऱ्यांच्या मतपत्रांवरून निवडली जातील. नाकसाहेबांनी ते चष्मा लावून वाचलं. चष्मा काढून पुन्हा वाचलं. सहा माणसं. एक टेबल. वाइनशी त्यांना काही घेणंदेणं नव्हतं. त्यांना ती खुर्ची हवी होती.

त्यांनी मिस्त्रीला फोन लावला. येतोस का, विचारलं.

"नाकसाहेब, मला आता दोनच वास येतात," मिस्त्री म्हणाला. "गुडघ्याच्या मलमाचा आणि बायकोच्या रागाचा. तुम्ही जाऊन या."

गुरुवारी दुपारी ते बसने निघाले. आदल्या दिवसापासून कांदा बंद केला होता. सवयच ती.

वायनरी म्हणजे एक लांब बैठी इमारत. मागे स्टीलच्या टाक्या. त्यापलीकडे वेलींच्या रांगा, प्रत्येक रांगेच्या तोंडाशी नंबराची पाटी. टेस्टिंग रूममध्ये एक लांब लाकडी काउंटर, त्यापुढे उंच स्टुलं. काउंटरवर पाण्याचा जग, कोरडी बिस्किटं आणि थुंकायला स्टीलची बादली. ती बादली बघून नाकसाहेबांना जरा धीर आला. प्रयोगशाळेतही नमुने ओतून द्यायला अशीच एक असायची.

काउंटरमागे चाळिशीची एक बाई होती. काळा एप्रन. खांद्यावर पांढरंशुभ्र फडकं. ती एकेक ग्लास उचलून पुसत होती, उजेडाकडे धरून बघत होती, पुन्हा पुसत होती. नाकसाहेबांना तिचं काम आवडलं. कामात हयगय नव्हती.

"या काका." तिने पाच ग्लास ओळीने मांडले. मग कूपन वाचलं. "दोघांचं आहे. दुसरे मागून येतायत का?"

"नाही."

"थोडी वाट बघू या?"

"नको."

तिने कूपन पुन्हा एकदा पाहिलं. "काका, दोघांचं कूपन असलं की दोघांचं ओतावं लागतं. इथला नियम आहे. मी आपली सांगते."

"ओता," नाकसाहेब म्हणाले.

पुसलेले ग्लास मागे फळीवर होते, पण ते तिने पुढच्या पाहुण्यांसाठी राखून ठेवले. तिने वरच्या फळीवरचं खोकं खाली घेतलं, पाच नवे ग्लास काढले, गरम पाण्याखाली धरले आणि तसेच झटकून शेजारच्या रिकाम्या स्टुलासमोर ठेवले. "हे पुसायचे राहिले. पण तसंही कुणी…" तिने जीभ आवरली.

"चालेल," नाकसाहेब म्हणाले.

तिने दहाही ग्लासांत ओतलं. दोन पांढऱ्या, तीन तांबड्या. पाच त्यांच्यापुढे. पाच कुणापुढेच नाही. सोबत एक छापील कागद दिला, त्यावर कुठल्या वाइनमध्ये कसला वास आहे ते लिहिलेलं. आणि एक मतपत्र. त्यावर एकच प्रश्न पाच वेळा होता. तुम्हाला यात काय आवडलं?

नाकसाहेबांनी तो प्रश्न वाचला. आयुष्यात त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं. काय खटकतं, एवढंच विचारलं होतं.

काउंटरच्या दुसऱ्या टोकाला दोन जोडपी बसली होती. रंगात आली होती.

"मला लिंबू येतंय," एक बायको म्हणाली.

"कागदावर लिहिलंय म्हणून येतंय," तिचा नवरा म्हणाला.

"मग तुला काय येतंय?"

"मला तुझ्या भावाच्या गाडीचा वास येतोय. नवीन होती तेव्हाचा."

"माझ्या भावाला मध्ये आणायचं काम नाही."

नाकसाहेबांनी पहिला ग्लास हलवला. नाक लावलं. वास बंद होता. म्हणजे काहीतरी होतं, पण दारामागे होतं. लिंबू नव्हतं. दुसरा ग्लास घेतला. तसाच. तो खाली ठेवला. नाक आधी जातं, मग कान, असं केमिस्टबाई म्हणायच्या. त्या कपाटानंतर त्यांनी नाक कशाला लावलंच नव्हतं. गेलं असेल. कळलंही नसेल.

पलीकडची बायको लिहिता लिहिता मोठ्याने म्हणत होती, "लिंबू, फुलं, मध." ऐकून लिहिलं असतं, तर कुणाला कळणार होतं? नाकसाहेबांनी पेन टेकवलं. 'लिं' उमटलं. तिथेच हात थांबला. पुढचं अक्षर उमटेना.

त्यांनी तिसरा ग्लास घेतला. तांबडी. पुन्हा तेच दार. आणि मग सवयीने त्यांचा हात दुसऱ्या नमुन्याकडे गेला. प्रयोगशाळेत प्रत्येक पाण्याच्या दोन बाटल्या यायच्या. एकीवर भरवसा नसला की दुसरी. इथे दुसरी होती. शेजारच्या स्टुलासमोर.

त्यांनी तो ग्लास उचलून नाकाशी नेला.

फळ होतं. फळाची साल होती. मागे नुकतंच तासलेलं लाकूड. सगळं एकदम आणि इतकं सरळ आलं की ते दचकले. इकडेतिकडे पाहिलं. पुन्हा वास घेतला. नाक गेलेलं नव्हतं. त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

मग आपला ग्लास घेतला. आता त्यांना काय शोधायचं ते कळलं होतं. ओला पुठ्ठा. अगदी थोडा. पण एवढ्यानेच बाकी सगळं दाबलं गेलं होतं.

गप्प बसणं सोपं होतं. शेजारच्या पाच ग्लासांचा वास घ्यायचा, जे सापडेल ते लिहायचं, खुर्ची मिळवायची. खोड काढणाऱ्याला कुणी आपल्या टेबलाशी बसवत नाही, हे त्यांना मोठ्या साहेबांनी चांगलं शिकवलं होतं. एक बिस्किट खाऊन होईपर्यंत त्यांनी विचार केला. मग हात वर केला.

"काय काका, आवडली नाही का?"

"ताई, या दोन्ही एकाच बाटलीतल्या ना?"

"तुमच्यासमोर तर ओतली."

नाकसाहेबांनी छापील कागदाच्या मागे दोन शब्द लिहिले, घडी घातली आणि त्यावर हात ठेवला. "आधी हा. मग तो. बोलू नका. काय येतं ते मग सांगा."

तिने दोन्हींचा वास घेतला. "सारख्याच आहेत की."

"डोळे मिटा. लांब श्वास नको. छोटे छोटे. कुत्रं घेतं तसे."

"आता कुत्रं करा मला," ती म्हणाली, पण तिने डोळे मिटले. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा तिची भुवई वर गेली. "हा बंद आहे. हा… म्हणजे माळ्यावर खोकं भिजलं की येतो ना, तसा. पुठ्ठ्याचा."

नाकसाहेबांनी कागद उघडला. ओला पुठ्ठा.

ती हसायला लागली. "काका, तुम्ही जादूगार आहात का?"

नाकसाहेबांना वाटलं, कुणीतरी चहा सांगावा.

पुढची पंधरा मिनिटं दोघं काउंटरवर डोकी वाकवून बसली. फळीवरचा पुसलेला ग्लास घेतला. पुठ्ठा. खोक्यातला नवा घेतला. साफ. पुसलेला दुसरा. पुठ्ठा. तिला आता पटकन कळायला लागलं होतं. ती आधी सांगायची, मग त्यांच्याकडे बघायची, ते मान हलवायचे. एकदा तिचं चुकलं, तेव्हा ते म्हणाले, "घाई केलीत. नाकाला घाई चालत नाही." ती म्हणाली, "माझी सासू पण हेच म्हणते, पण भाकरीबद्दल." दहा महिन्यांत नाकसाहेब पहिल्यांदा मोठ्याने हसले. ते हसणं त्यांचं त्यांनाच ओळखू आलं नाही.

"वाइनमध्ये नाही, ग्लासमध्ये आहे," ती म्हणाली. "पण ग्लास तर मी किती पुसते."

नाकसाहेबांची नजर तिच्या खांद्यावरच्या फडक्यावर गेली. त्यांना ती परत घ्यायची होती. पण तिने ती पाहिली होती.

तिने फडकं काढून नाकाशी नेलं. हसू गेलं.

"हे मी स्वतः धुते," ती हळू आवाजात म्हणाली. "पांढरं राहावं म्हणून ब्लीचमध्ये भिजवते. बाहेर धूळ उडते, म्हणून खाली तळघरात वाळत घालते. पिंपांजवळ. लाकडी दांडीवर."

"ब्लीच, ओलं लाकूड आणि बुरशी," नाकसाहेब म्हणाले. "तिघं एकत्र आली की हा वास होतो. पाण्याच्या एका टाकीलाही आला होता." बोलताना त्यांना जाणवलं की ते खुशीत बोलतायत. ते थांबले.

"तीन महिने झाले," ती म्हणाली. "आधी मी बाहेरच वाळत घालायची. तीन महिन्यांपासून सगळे लिहितात, ठीक आहे, ठीक आहे. वाइनमेकर म्हणतात मी लोकांशी नीट बोलत नाही म्हणून." तिने फडक्याची घडी घातली. मोडली. पुन्हा घातली. "काका, हे तुम्ही लिहिणार का? मी आजच सगळी फडकी टाकून देते. उद्यापासून कुणाला येणारच नाही वास. कशाला लिहायचं?"

तेवढ्यात पलीकडचा नवरा ओरडला, "काका, आमचे पण ग्लास बघा की. हिच्या लिंबात पुठ्ठा आहे का?" आणि त्या आवाजाने मागच्या दारातून वाइनमेकर बाहेर आला.

उंच माणूस. रबरी बूट. नखं जांभळी झालेली. "काय झालं?" त्याने विचारलं. विचारलं नाकसाहेबांना.

बाई फळीकडे बघत होती. 'काही नाही' एवढे दोन शब्द म्हटले असते, तरी चाललं असतं.

"ग्लासांना वास आहे," नाकसाहेब म्हणाले.

"कशाचा?"

"फडक्यांचा."

ते बोलताना त्यांनी बाईकडे पाहिलं नाही. पुढेही बराच वेळ पाहिलं नाही.

वाइनमेकरने वाद घातला नाही. त्याने नाकसाहेबांना पाठ करून बसायला सांगितलं आणि तीन ग्लासांत तीच वाइन ओतली. कधी दोन पुसलेले नि एक नवा, कधी उलट. "वेगळा कुठला?" नाकसाहेबांनी वास घेऊन बोट ठेवलं. पुन्हा ओतलं. पुन्हा बोट ठेवलं. दोन्ही जोडपी जवळ येऊन उभी राहिली. नवऱ्यांनी आपसांत पैज लावली. सहा वेळा झालं. सहाही वेळा बरोबर.

टाळ्या वाजल्या. एका बायकोने मनगट पुढे केलं. "काका, माझा सेंट कुठला ते सांगा."

"सेंटमधलं कळत नाही मला," नाकसाहेब म्हणाले. "आमच्या घरी कुणी लावला नाही."

वाइनमेकर स्टुलावर बसला. "तुम्ही कुठले?"

"पाणीपुरवठ्यातला. निवृत्त."

"तीन महिने मी पिंपं बदलतोय," तो म्हणाला. हे तो बाईला म्हणत होता, पण तिच्याकडे न बघता. "तीन महिने मला झोप नाही. आणि तुझं ब्लीच." आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. तिने खाली वाकून सगळी फडकी एका पिशवीत भरली. मग नाकसाहेबांसमोर येऊन उभी राहिली.

"सर, ग्लास उचलू का?"

नाकसाहेबांनी मान हलवली. तिने दोन्ही बाजूंचे ग्लास एकाच ट्रेमध्ये घातले आणि आत नेले. शेजारच्या बाजूचे चार ग्लास चाखायचेच राहिले होते.

"तुमच्यासारखा माणूस मी किती दिवस शोधतोय," वाइनमेकर म्हणाला. "दर मंगळवारी या. बुचं बघा, ग्लास बघा, टाकीचं पाणी बघा. दोन-तीन तासांचं काम आहे. गाडी पाठवीन."

"मंडळाचं काय?"

"कुठलं मंडळ?"

"शनिवारचं. सहा माणसांचं."

वाइनमेकर हसला. वाईट हसला नाही. "अहो काका, ते मजेचं असतं. लोकांनी यायचं, छान छान म्हणायचं, चार लोकांना सांगायचं. तुम्ही बसलात, तर बाकीच्या पाच जणांच्या घशाखाली उतरायची नाही."

"मी काही बोलणार नाही."

"बोलणार नाही. पण लिहाल."

"लिहीन."

"बघा."

नाकसाहेबांनी उभ्या आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नव्हतं. बढतीही नाही. "मला शेवटची खुर्ची दिलीत तरी चालेल," ते म्हणाले. "मी नुसता बसेन."

वाइनमेकरने त्यांच्याकडे नीट पाहिलं. त्याला कदाचित कळलं असेल. कदाचित नसेल. "नाक घरी ठेवून येता येईल का?" त्याने विचारलं.

नाकसाहेबांनी या प्रश्नाचा खरोखर विचार केला. "नाही," ते म्हणाले.

"म्हणून म्हणतो, मंगळवारी या."

"मंगळवारी कोण कोण असतं?"

"कुणी नसतं. मंगळवारी आम्ही बंद असतो. तेच तर चांगलं. तुम्हाला शांतता लागते ना?"

लागते, हे खरं होतं. नाकसाहेब म्हणाले, "येतो."

निघताना ते दारापाशी जरा थांबले. बाई आत भांडी धुवायच्या जागी होती. नळ चालू होता. त्यांना तिला सांगायचं होतं की तुमचं नाक चांगलं आहे. असं नाक शेकड्यात एखाद्याचं असतं. पण नळ बंद होईना, आणि बसची वेळ झाली.

बसमध्ये शेजारची जागा रिकामी होती. त्यांनी तिथे पिशवी ठेवली, मग उचलून मांडीवर घेतली.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. "गेला होतात का?"

"गेलो होतो."

"मग? कसं होतं?"

"चांगलं होतं."

"काय चांगलं होतं? नीट सांगा ना, बाबा."

नाकसाहेब विचार करू लागले. "तिसरी वाइन," ते म्हणाले. "तिच्यात फळ होतं. लाकूड होतं. तुझ्या आईच्या ग्लासातली."

लेक हळू आवाजात म्हणाली, "एकटेच बसला होतात ना."

"त्यांनी मला काम दिलंय," नाकसाहेब घाईने म्हणाले. "दर मंगळवारी. वास घ्यायचं."

"खरंच?" तिचा आवाज एकदम बदलला. लहान असताना निकाल सांगायला धावत यायची, तेव्हासारखा. "म्हणजे तुमचं पूर्वीचंच. तिथे कोण कोण असतं?"

स्वयंपाकघरात एक खुर्ची भिंतीकडे सरकवलेली होती. नाकसाहेब तिच्याकडे बघत होते.

"असतात माणसं," ते म्हणाले.

"किती जण?"

"सहा. एका टेबलाशी बसतो."

"बाबा, किती बरं वाटलं मला म्हणून सांगू. मी रोज विचार करते, तुम्ही घरात दिवसभर काय करत असाल. कशी आहेत सगळी? जमतं का त्यांच्याशी?"

"बरी आहेत. एक बाई आहे. तिला पुठ्ठा लगेच ओळखता आला. जरा फटकळ आहे. पण हसवते."

"आणि बाकीचे?"

"एक जोडपं आहे. त्यांचं आपसांत चालूच असतं. आणि एक बुटका आहे, गुडघे धरून बसणारा."

लेक हसली. खूप दिवसांनी ती अशी हसली. नाकसाहेब ते हसणं संपेपर्यंत थांबले.

"मग असं करते," ती म्हणाली, "मंगळवारी मी तिथेच फोन करते. सगळ्यांशी बोलते जरा. माझ्या बाबांना सांभाळा म्हणून सांगते."

"मंगळवारी नको," नाकसाहेब म्हणाले. "चाचणी चालू असताना बोलता येत नाही कुणाला."